नकाशात परत चला

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.४०

कुरिअर आलं. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत गुंडाळलेलं एक यंत्र. मुठीत मावतं, डोक्यावर आखूड एरियल. हातात धरून डोंगर चढायचं जीपीएस. गाडीतही चालतं म्हणे. सोबत लेकीची चिठ्ठी. चार ओळी. ३० तारखेला सकाळी इथून निघते, पुढची दोन वर्षं बेटावरच्या केंद्रात, त्याआधी आलीस तर बरं वाटेल. तू भूगोलाची बाई, पत्ता म्हणून हे पुरे. खाली अक्षांश, रेखांश. दशांशचिन्हानंतर पाच-पाच आकडे. शाब्बास. निदान तेवढं शिकवलेलं तरी वाया गेलं नाही.

लेक डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत असते. पाऊस मोजते, वारा मोजते. अडीच वर्षं झाली. मी अजून गेलेले नाही, कारण शेवटचे चार किलोमीटर पायवाट आहे. नकाशाशिवाय पायवाटेला लागणं हा अडाणीपणा आहे.

हे म्हणाले, चल, उद्याच जाऊ.

उद्याच! निवृत्त माणसाला उद्याशिवाय दुसरा वार माहीत नसतो. यंत्रात नकाशाच नाही हे मी दाखवून दिलं. मुळात जो आहे त्यात देश, समुद्र आणि तीन हायवे. एवढ्यावर फार तर खंड ओलांडता येईल, लेकीकडे जाता येणार नाही.

निश्चय: योग्य नकाशे निवडायचे, यंत्रात भरायचे आणि ११ तारखेला निघायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट इथे स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे माझाच पुढे गैरसमज नको.

मी लेकीवर रागावलेली नाही. तीही माझ्यावर रागावलेली असायचं काही कारण नाही. कॉलेजातली कायमची नोकरी सोडून तिला डोंगरावर जायचं होतं. तेव्हा मी वेधशाळेच्या मुख्य साहेबांना एक माहितीपर पत्र लिहिलं. उमेदवाराला लहानपणी दम्याचा त्रास होता, उंचीवरची विरळ हवा मानवणार नाही, इतकंच. दमा म्हणजे सात वर्षांची असताना एक हिवाळाभर खोकत होती. पण खोकल्याचं पुढे काय होईल हे कुणी सांगावं? सही केली, एक हितचिंतक.

तिची पुन्हा मेडिकल झाली. पास झाली. टेबलावर फाइल उघडी होती, त्यात तिला पत्र दिसलं. निळीकाळी शाई, तिरकं इंग्रजी कर्सिव्ह, मोठ्या अक्षरांना आमच्या कॉन्व्हेंटचे वळसे. असं अक्षर आता लिहितं कोण! तिने ओळखलं. अक्षर चांगलं असण्याचे तोटेही असतात.

घरी आली. बॅग भरली. तेव्हापासून फोन केला की बाबा आहेत का, एवढंच विचारते. मी म्हणते, आहेत. म्हणजे बोलणं आहेच आमचं.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

तंबू, काठ्या, बूट आणि असली यंत्रं विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्याने विचारलं, काकू, रस्त्याने जायचंय की डोंगरात? म्हटलं, दोन्ही. त्याने चष्मा खाली घेतला.

नकाशे तीन प्रकारचे. एक गाडीचा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगतो, पण डोंगर आला की त्याला सगळं सपाट पांढरं. दुसरा ट्रेकिंगचा. समोच्च रेषा, ओढे, कडे, पायवाटा, सगळं सुबक. पण हा वळणं सांगत नाही. तुम्ही इथे, मुक्काम तिथे, मध्ये एक सरळ रेघ ओढतो आणि गप्प बसतो. तिसरा फुकट. हौशी लोकांनी फिरून फिरून भरलेला. रस्तेही आहेत, वाटाही आहेत, वाटेवरच्या चहाच्या टपऱ्याही.

दुकानदार म्हणाला, माझं ऐका, हा फुकटातला घाला आणि निघा. माल विकायला बसलेला माणूस फुकट घ्या म्हणतो तेव्हा काहीतरी काळंबेरं असतं. आणि ज्या नकाशात टपरी आहे त्याला नकाशा म्हणायचं की निमंत्रणपत्रिका? विकतचे दोन्ही घेतले.

परत येताना आमच्या सिस्टरची आठवण झाली. पाचवीत भूगोल शिकवायच्या. लांबलचक कॉरिडॉर, फरशीच्या मेणाचा वास, आणि सिस्टर कापडी नकाशा काठीने उलगडायच्या तेव्हा येणारा तो सळसळाट. ट्रेसिंग पेपरवर किनारा गिरवताना माझी जीभ बाहेर यायची. त्या हळूच येऊन पेन्सिलीने हनुवटी वर करायच्या. म्हणायच्या, किनारा हाताने काढायचा असतो, जिभेने नाही. त्या हाताला साबणाचा वास होता. मी भूगोलाची बाई झाले ती त्या वासामुळे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गाडीचा नकाशा कॉम्प्युटरवरून यंत्रात घातला. तीन तास. दुपारी ट्रेकिंगचा घातला. चार तास. संध्याकाळी पाहिलं तर गाडीचा नाहीसा.

दुकानदाराला फोन. तो म्हणाला, दुसरा घातला की पहिला पुसला जातो काकू, नाव बदलून ठेवायचं असतं फाइलचं. सांगितलं होतं ना? नव्हतं सांगितलं. किंवा सांगितलं असेल तेव्हा मी सिस्टरांचा विचार करत असेन.

ह्यांना ही हकिगत फार आवडली. म्हणाले, बायकोसारखं झालं की, दुसरी आणली की पहिली पुसली जाते. मी म्हटलं, तुमच्याकडे पहिलीचीच मेमरी भरलेली आहे. चहा दिला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हे सकाळी सहालाच गेले. एकाआड एक रविवारी जुन्या मित्रांकडे पत्ते खेळायला जातात. गेली दोन वर्षं नेमाने. पत्त्यांत एवढं काय असतं कोण जाणे. संध्याकाळी आले ते पँटीला कुसळं. म्हटलं, पत्ते कुठे खेळता, गवतात? म्हणाले, हल्ली बागेत बसतो. मधाची बाटलीही आणली. एका मित्राच्या ओळखीचं कुणी तरी विकतं म्हणे. चांगला आहे मध.

जेवताना म्हणाले, डोंगराकडच्या रस्त्यावर पुलाचं काम काढलंय, खालून जावं लागेल. कुणी सांगितलं? तर म्हणे, ऐकलं. पत्ते खेळताना पुरुष काय काय बोलत असतात!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज निघायचं होतं. पण दोन्ही नकाशे एकदम चालू केले की एक दुसऱ्याला झाकतो. रस्ते दिसतात तेव्हा डोंगर नाही, डोंगर दिसतात तेव्हा रस्ता नाही. अशा स्थितीत लेकीकडे जाणं म्हणजे जाणूनबुजून धोका.

नवा दिवस १६.

संध्याकाळी तिचा फोन. बाबा आहेत का. म्हटलं, आहेत. आणि मग आपण होऊन पुढे म्हटलं, नकाशांचं काम चाललंय. पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग ती म्हणाली, आई, रस्ता बाबांना विचार ना.

मला हसू आलं. बाबांना! त्यांना घरातला साखरेचा डबा सापडत नाही. एकोणचाळीस वर्षं औषधं विकत गावोगाव फिरले, पण विचारत विचारत. विचारत गेलेला रस्ता हा काही माहीत असलेला रस्ता नव्हे. हे मी तिला समजावून सांगितलं. पूर्ण सहा मिनिटं बोललो आम्ही. अडीच वर्षांत एवढं पहिल्यांदाच. फोन ह्यांच्याकडे दिल्यावर बघते तर माझा हात भिजलेला. यंत्र गरम होत असावं. फोनचं यंत्र.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचणी. चौकात जाऊन यंत्राला म्हटलं, घरी ने. ट्रेकिंगचा नकाशा. सरळ रेघ. रेघेवरून इमानाने चालत गेले. रेघ एका बंगल्याच्या फाटकातून, कुंड्यांतून, मागच्या अंगणातून गेली. मान वर केली तर मी कुणाच्या तरी ओल्या चादरीला नाक लावून उभी. बंगल्यातल्या बाई दोरीच्या पलीकडून म्हणाल्या, काकू, काही हवंय का? म्हटलं, घर शोधतेय. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी हळू आवाजात माझं नाव विचारलं. मग घरी फोन करू का म्हणाल्या.

हे न्यायला आले. वाटेत त्यांचे खांदे हलत होते.

१६ जमणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाइलाज म्हणून फुकटातला नकाशा. चांगला आहे. म्हणजे वाईट नाही. पण तो चौकोनांत कापलेला. आपल्याला हवे ते चौकोन निवडून यंत्रात भरायचे, आणि ह्या यंत्रात जागा मोजकी.

इथे माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग झाला. पट्टी घेतली. स्क्रीनवर घरापासून वेधशाळेपर्यंत सरळ रेघ धरली. ज्या चौकोनांतून पट्टी गेली तेवढेच घेतले. बाकीचे गाळले. चोख काम.

हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, अगं, रस्ता तळ्याला पूर्वेकडून वळसा घालून जातो. तो चौकोन घे. मी पाहिलं. चौकोनभर नुसतं पाणी. म्हटलं, जागा मोजकी, त्यात पाणी काय भरू? म्हणाले, पाण्याच्या कडेने रस्ता असतो. म्हटलं, असेल. पण मुख्य विषयाशी त्याचा संबंध नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, तुला फळ्यावर मावेल तेवढंच जग. आणि गेले.

फळ्याला नावं ठेवतात. ह्याच फळ्याने घर चालवलंय अर्धं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नकाशे तयार. अगदी तयार. आता फक्त खात्री करायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भेटीचे मुद्दे काढून ठेवले, ऐनवेळी गोंधळ नको.

एक, प्रकृती. दोन, जेवणखाण, थंडीचे कपडे. तीन, बेटावरची व्यवस्था, डॉक्टर आहे का. चार, पत्राविषयी, वेळ उरल्यास.

चौथ्यासाठी वाक्यही लिहून पाहिलं. त्यावेळी मला जे योग्य वाटलं ते. खोडलं. कुठल्याही आईने हेच. खोडलं. इंग्रजीत जमतं का पाहिलं, इंग्रजीत माफी मागणं सोपं जातं, सिस्टरांनी तोंडपाठ करून घेतलं होतं. पण कर्सिव्ह पाहूनच कसंतरी झालं. पान फाडलं.

मुद्दे तीनच ठेवलेत. आटोपशीर.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे पत्ते खेळायला. आले ते नाक उन्हाने लाल. बागेत झाडं नाहीत का, विचारलं. बूट काढता काढता म्हणाले, तू कधी येणार विचारत होती. कोण? मग दुसऱ्या बुटाकडे वळले. म्हणाले, म्हणजे फोनवर.

फोन मला ऐकू आला नव्हता. पण मी कपडे वाळत घालत असेन तेव्हा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

यंत्रासाठी पाण्यापासून बचावाची पिशवी घ्यावी का, आणि जादा सेल किती, याची यादी करत होते. हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, बाईसाहेब, शनिवारी पहाटे सहाला गाडी काढतो. नकाशासकट नाहीतर नकाशाशिवाय. तू ये नाहीतर येऊ नकोस. पण ती रविवारी जाणार आणि मग दोन वर्षं आपण दोघं असू की नसू हे तुझ्या कुठल्या चौकोनात दिसत नाही.

आवाज चढला होता. बेचाळीस वर्षांत तिसऱ्यांदा. बीपी वाढलं असणार. त्यांच्या गोळ्या मी माझ्या ताब्यात घेतल्या.

सेल आठ पुरेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.२०, गाडीत

निघालो. मी शांत आहे. यंत्र मांडीवर, गाडीचा बाण निळ्या रस्त्यावरून चाललाय. चार तास. दहाला पायथ्याशी, साडेअकराला वर, लेकीबरोबर सबंध दिवस. ह्यांनी अंगठ्याने स्टिअरिंगवर ताल धरलाय. निश्चय: आज त्यांना एकदाही टोकायचं नाही.

८.०५

नकाशा संपला.

बाण आहे, खाली काही नाही. नुसतं पांढरं. चौकोनाची कड सोडून आपण बाहेर आलो. ह्यांना सांगितलं, थांबा, आपण नकाशाबाहेर आहोत. म्हणाले, रस्ता हा काय, टायरखाली आहे. म्हटलं, यंत्राला दिसत नाही. म्हणाले, मला दिसतोय. डावीकडे तळं, सरळ गेलं की फाटा, फाट्यावरून वर. मी म्हटलं, अंदाजाने नको. परत चला.

कुठे परत?

नकाशात.

त्यांनी आरशात मागे पाहिलं. मग गाडी वळवली. मला वाटलं होतं भांडतील.

८.२०

नकाशात आलो. जिवात जीव आला. यंत्राने नवा रस्ता काढला, पश्चिमेकडून. पाहा, होता की नाही रस्ता?

११.३०

खडीची खाण. रस्ता खाणीच्या फाटकाशी संपला. आत यायला मनाई. कुत्रा. पहारेकरी म्हणाला, डोंगर? डोंगर तळ्यापलीकडे हो. इकडून फक्त खडी जाते. यंत्र म्हणतंय, मुक्काम तेवीस किलोमीटर, सरळ रेषेत.

कोरडी बिस्किटं खाल्ली. ह्यांनी पहारेकऱ्यालाही दोन दिली आणि उभ्या उभ्या त्याच्या मुलाच्या खोकल्याची चौकशी केली. पाच मिनिटांत त्याने खडीच्या ट्रकचा आडरस्ता सांगितला. विचारत विचारत.

दुपारी १.५०

पुन्हा तळ्याकाठी. पुन्हा पांढरं. यंत्र बंद केलंय, सेल वाचवायला. तळं सुंदर आहे. हे शीळ वाजवताहेत आणि कुणालाही न विचारता वळताहेत. पूल आला त्याच्या आधीच खालच्या रस्त्याला लागले.

३.१५

पायथ्याचं गाव. वीसेक घरं, एक चहाची टपरी. टपरीवाल्या बाई ह्यांना पाहून म्हणाल्या, या काका, आज उशीर? मग मला पाहिलं. ह्याच का काकू? बरं झालं बाई आलात, दोन वर्षं नुसतं ऐकतेय. आणि दारामागून ह्यांची काठी काढून दिली. मूठ गुळगुळीत झालेली.

ह्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. बांधलेलीच होती.

मला हे माहीत होतं. लिहिलं नव्हतं इतकंच.

३.२५

चढायला सुरुवात. ट्रेकिंगचा नकाशा लावला. दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर, माथ्यापर्यंत बावीस रेषा. एकतीस वर्षं मुलींना शिकवलं, रेषा जवळ जवळ म्हणजे चढ खडा. आता प्रत्यक्ष.

३.५५

तिसरी रेषा. दगडावर बसलेय. श्वास

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१५, घरी

काल लिहिता आलं नाही.

ह्यांनी तिला फोन केला होता. ती उतरत आली, जवळजवळ धावतच. चार वाजून दहा मिनिटं. साडेपाचचं रीडिंग घ्यायचं होतं, हाताने घ्यायचं शेवटचं. आजपासून तिथे आपोआप नोंदणारं यंत्र बसणार. वर जायला तास लागतो म्हणून साडेचारला तिला निघायलाच हवं होतं. दहाला पोचलो असतो तर अख्खा दिवस होता.

काळी झालीय. गालांची कातडी वाऱ्याने खरखरीत. एवढी धावत आली पण श्वास एकदम संथ. धाप मला. ती बाजूला बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, हळू, आई. तोंडाने नको, नाकाने घे. असा. मी घेतला. ती लहान असताना त्या एका हिवाळ्यात मी तिची पाठ अशीच चोळायचे.

हे जरा खाली जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

ती म्हणाली, बोल.

मी खाणीपासून सुरुवात केली. फाटक कसं होतं. मग चौकोन, पट्टी, फाइलचं नाव बदलणं, गाडीचा नकाशा पुसला गेला ते. दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मला ऐकू येत होतं की मी बोलतेय. थांबता येत नव्हतं. ती मान हलवत होती. मध्येच तिने माझी ओढणी सरळ केली.

मग म्हणाली, वर माझ्या खिडकीतून रात्री क्षितिजावर तुमच्या गावाचा उजेड दिसतो. मी विचारलं, एवढ्या लांबून तो आपलाच कशावरून? यंत्रात दिशा पाहिली. बरोबर निघाली. तसं सांगितलं तिला. ती हसली, पण डोळे भरले होते. म्हणाली, आई, ते पत्र.

मी म्हटलं, साडेचार झाले. रीडिंग चुकेल.

चार अठ्ठावीस झाले होते.

ती उठली. ह्यांना मिठी मारली, मला मारली. तिच्या केसांना उन्हाचा वास होता. मग चढायला लागली, आणि मी पाहत होते की हिला एकदाही थांबावं लागत नाही.

टपरीवाल्या बाई म्हणाल्या, रात्री इथेच पडा, खोली आहे मागे. सकाळी सहाला ती सामान घेऊन उतरेल, चहा इथेच होतो तिचा, नीट भेटाल. हे म्हणाले, राहू. मी म्हटलं, तुमच्या बीपीच्या गोळ्या घरी राहिल्यात. ते म्हणाले, एक दिवसाने काय होतं? मी म्हटलं, असला धोका मी पत्करणार नाही.

ते म्हणाले, बरं.

अंधारात ह्यांच्या डोळ्यांना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. तरी तळ्याच्या कडेने, चाळीसच्या वेगाने, घरी आणलं.

आता ती चहा पीत असेल.

सकाळी ९.३०

चहानंतर हे रोजच्यासारखे गोळीसाठी हात पुढे करून बसले. मी पर्स उघडली आणि काढून दिली. दिल्यावर लक्षात आलं. काल गाडीत, टपरीवर, हीच पर्स माझ्या खांद्याला होती, तिची चेनही मी उघडली नव्हती. गोळ्यांची पट्टी तिथेच होती, घडी घातलेल्या रुमालाखाली, बुधवारपासून ठेवते तशी.

त्यांनी पाहिलं. गोळी घेतली, वर सगळं पाणी प्यायले, पेला पालथा घातला. मग म्हणाले, सव्वानऊपर्यंत ती हायवेला लागेल, तिथून फोन करते म्हणालीय. मी उचलणार नाही. तू उचल.

उचलणारच होते. वाक्यही मनात तयार होतं, साधं, पाच शब्दांचं, मराठीत.

फोन वाजला तेव्हा मी आंघोळीला गेले होते.

म्हणजे, वाजल्यावर गेले.